डॉसचा प्रोग्राम एम्युलेटरमध्ये चालतो, पण छपाई होत नाही: कुठे तपासायचं, काय बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या दाणा बाजारातल्या एका आडतीवर क्लिपर या डॉसच्या काळातल्या डेटाबेस भाषेत लिहिलेला हिशोबपट्टीचा जुना प्रोग्राम आहे. एक्सपीचा डबा बंद पडला, नवं मशीन विंडोज ११ चं आलं. प्रोग्राम डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये, म्हणजे नव्या मशीनच्या आत जुनं डॉस मशीन उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडतो. आवक, हमाली, तोलाई सगळं भरता येतं. छपाईला गेलं की कधी ‘प्रिंटर तयार नाही’ असं येतं, कधी काहीच होत नाही. नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स यूएसबीने जोडला आहे, शेजारी एक लेझरही आहे आणि दोन्हींवर विंडोजचं टेस्ट पेज व्यवस्थित निघतं.

भाऊ, टेस्ट पेज निघालं याचा अर्थ विंडोज ते प्रिंटर एवढाच टप्पा ठीक आहे. तुमचा मजकूर त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. प्रोग्राम बाइट्स पाठवतो एलपीटी१ नावाच्या पोर्टवर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवर. ते पोर्ट एम्युलेटरने उभं करायचं असतं, तिथून बाइट्स बाहेर काढून विंडोजकडे द्यायच्या असतात, मग विंडोजने त्या प्रिंटरला पोचवायच्या. ड्रायव्हर काढ-घाल करून यातलं काही सुटत नाही. बाइट्स कुठे अडकतात ते आधी बघा, आणि त्यासाठी पहिलं काम म्हणजे छपाई एका फाइलीत पकडणं. प्रिंटरला हात त्यानंतर लावायचा.

एक सूचना: खाली आज्ञा आणि सेटिंगं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरा. फोल्डरची नावं इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. निम्मे घोळ तिथेच टळतात.

मुळात का अडतं

६४ बिटी विंडोजवर डॉसचे १६ बिटी प्रोग्राम थेट चालत नाहीत. प्रोसेसर ६४ बिटी मोडमध्ये असताना व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही, त्यामुळे एनटीव्हीडीएम हा विंडोजचा जुना डॉस थर त्यात दिलेलाच नाही. ३२ बिटी विंडोज १० मध्ये तो होता. विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्तीच नाही. म्हणून एम्युलेटर लागतो.

आता मुख्य अडचण. मूळ डॉसबॉक्स, म्हणजे ०.७४-३ ही सगळीकडे सापडणारी आवृत्ती, खेळ चालवण्यासाठी बनली आहे. तिच्यात पॅरलल पोर्टच नाही. प्रोग्राम एलपीटी१ शोधतो, पोर्ट सापडत नाही, आणि क्लिपरचं इजप्रिंटर हे फंक्शन ‘नाही’ असं उत्तर देतं. ते फंक्शन एलपीटी१ ची स्थिती बायोसमार्फत, म्हणजे मशीनच्या मूळ सॉफ्टवेअर थरामार्फत, विचारतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्या उत्तरावर ‘प्रिंटर तयार नाही’ हा संदेश लावलेला असतो. म्हणजे तुमच्या प्रिंटरला कुणी काही विचारलेलंच नाही. फॉक्सप्रो या तशाच दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये सिस(१३) किंवा प्रिंटस्टेटस हेच काम करतात.

उपाय म्हणजे डॉसबॉक्स-एक्स. ते त्याच कुळातलं आहे, पण पॅरलल पोर्ट, आभासी प्रिंटर आणि फाइल शेअरिंगच्या सोयी त्यात आहेत. व्हीडॉस हाही चांगला पर्याय आहे. तो खास हिशोबाच्या, मजकुराच्या प्रोग्रामसाठी बनवला आहे आणि एलपीटी१ वर आलेला साधा मजकूर थेट विंडोजच्या प्रिंटरकडे देतो. एकाच मशीनवर, एकाच लेझरवर साधं बिल काढायचं असेल तर व्हीडॉस पुरतो. बिलात दाबलेली (अरुंद केलेली) अक्षरं, तीन प्रती, अर्धं पान असे प्रकार असतील तर डॉसबॉक्स-एक्समध्ये जास्त गोष्टी हातात राहतात. पुढे तेच धरून लिहितो.

प्रोग्रामच्या सेटअपमध्ये ‘फाइलीत छापा’ असा पर्याय असेल, किंवा मूळ कोड हाताशी असून सेट प्रिंटर टू या ओळीत फाइलीचं नाव देता येत असेल, तर मूळ डॉसबॉक्ससुद्धा चालेल. पण असं भाग्य क्वचितच असतं, कोड लिहिणारा माणूस बहुतेकदा कधीच गाव सोडून गेलेला असतो.

आधी फाइल पकडा

डॉसबॉक्स-एक्सच्या कॉन्फिग फाइलीत पॅरलल नावाचा विभाग आहे. त्यात एवढी ओळ टाका:

पॅरलल१=फाइल टाइमआउट:३०००

प्रोग्राम पूर्वी ज्या ड्राइव्हवर आणि फोल्डरमध्ये होता, माउंट करताना (एम्युलेटरला फोल्डर जोडून देताना) तेच अक्षर आणि तोच मार्ग द्या. जुने प्रोग्राम सी:\आडत असा मार्ग कोडमध्येच ठोकून ठेवतात. आता एक हिशोबपट्टी छापा. तीन सेकंद बाइट्स आल्या नाहीत की एम्युलेटर फाइल बंद करतो आणि ती कॅप्चर फोल्डरमध्ये दिसते.

फाइलच बनली नाही तर प्रोग्राम एलपीटी१ वर पाठवत नाही. सेटअपमध्ये एलपीटी२ किंवा कॉम१ निवडलेलं आहे का बघा. तेही बरोबर असेल, तर प्रोग्राम पाठवण्याआधीच कुठेतरी थांबतो. अशा वेळी छपाईआधी ‘कागद लावा, एंटर दाबा’ असा पडदा पार्श्वभूमीत अडकलेला सापडतो. फाइल बनली आणि त्यात मजकूर दिसला, की एम्युलेटरचं काम झालं. इथून पुढची गोष्ट तुमच्या कागदाची आणि प्रिंटरची.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून नीट वाचा. मजकुराच्या अधेमधे चौकोन, बाण, एकटीदुकटी विचित्र अक्षरं दिसतील. ते एप्सनच्या ईएससी/पी या प्रिंटर-भाषेतले हुकूम आहेत. बायनरी दाखवणाऱ्या एखाद्या साध्या साधनात दशमान आकडे पाहिलेत तर ओळखता येतात. २७ ६४ म्हणजे प्रिंटर मूळ स्थितीत आणा. १५ म्हणजे दाबलेली अक्षरं, १८ म्हणजे ती बंद. २७ ७७ म्हणजे इंचाला बारा अक्षरं, २७ ८० म्हणजे पुन्हा दहा. २७ ६९ ठळक चालू, २७ ७० बंद. १४ म्हणजे या ओळीपुरती दुप्पट रुंदी, दुकानाच्या नावाला हाच वापरतात. २७ ४८ ने इंचात आठ ओळी, २७ ५० ने सहा. २७ ६७ आणि मागचा एक आकडा म्हणजे पानाची लांबी ओळींत. १२ म्हणजे पान पुढे ढकला.

हे ओळखून ठेवलंत की पुढच्या सगळ्या तक्रारींची कारणं या फाइलीतच सापडतात. १३२ रकान्यांचा अहवाल ८० रकान्यांवर तुटतो? फाइलीत १५ आहे का ते बघा. आठ इंच रुंदीत साध्या अक्षरांच्या ८० जागा बसतात, दाबलेल्या अक्षरांच्या सुमारे १३७. १५ नसेल तर दोष प्रोग्रामच्या प्रिंटर-निवडीत आहे. १५ असूनही तुटत असेल तर प्रिंटर तो हुकूम मानत नाही.

डॉट मॅट्रिक्सवर काढायचं असेल तर

इथे नियम एकच: बाइट्सना कुणाचाही हात लागू द्यायचा नाही. प्रोग्रामने १९९० च्या दशकात जे पाठवलं तेच जसंच्या तसं प्रिंटरला मिळालं पाहिजे. नोटपॅडमध्ये फाइल उघडून प्रिंट देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. विंडोज मजकुराचं चित्र बनवून पाठवतं, छपाई संथ होते, हुकूम मरतात आणि रकाने सरकतात.

प्रिंटर शेअर करा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅबवर जाऊन शेअरचं नाव छोटं द्या, समजा टीव्हीएस. मग कमांड प्रॉम्प्टवर पकडलेली फाइल अशी पाठवा:

कॉपी /बी बिल.पीआरटी \\लोकलहोस्ट\टीव्हीएस

/बी महत्त्वाचं आहे. ते नसेल तर कॉपी फाइलीला साधा मजकूर समजते आणि २६ हा आकडा दिसला की तिथेच थांबते. या रस्त्याने गेलेलं काम स्पूलरमध्ये (विंडोजच्या छपाईच्या रांगेत) रॉ, म्हणजे कच्चंच, जातं, ड्रायव्हर त्यात ढवळाढवळ करत नाही. म्हणूनच कंपनीचा ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोजमधला जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली हा ड्रायव्हर लावूनही काम होतं.

बिल हातानं नीट निघालं की ते आपोआप करा. सी:\छपाई फोल्डरमध्ये छाप.बॅट नावाची फाइल बनवा, तिच्यात एकच ओळ:

कॉपी /बी "%~१" \\लोकलहोस्ट\टीव्हीएस

आणि कॉन्फिगमधली ओळ अशी करा:

पॅरलल१=फाइल टाइमआउट:३००० ओपनविथ:सी:\छपाई\छाप.बॅट

फाइल बंद झाली की डॉसबॉक्स-एक्स तिचं नाव बॅच फाइलीला देतो आणि कागद हलायला लागतो. तीन प्रती हव्या असतील तर कॉपीची ओळ तीनदा. पण शेतकऱ्याला एक, खरेदीदाराला एक, दुकानात एक अशी कार्बनची सोय असलेला कागद आधीच वापरत असाल तर ते करू नका, डॉट मॅट्रिक्स ठेवण्याचं तेच तर कारण आहे.

टाइमआउटचा आकडा समजून निवडा. प्रोग्राम छापता छापता मध्येच बेरजेसाठी थांबत असेल आणि टाइमआउट अर्ध्या सेकंदाचा असेल, तर एका बिलाच्या दोन फाइली होतात. एकच मशीन असेल तर डॉट मॅट्रिक्सवर ते कळतही नाही. पण दुसऱ्या टेबलावरून त्याच प्रिंटरवर छपाई होत असेल, तर तुमच्या बिलाच्या पोटात दुसऱ्याची तोलाई घुसते. साधारण बिलाला ३००० पुरतं, वर्षअखेरच्या खातेवहीला १०००० ठेवा. त्याच ओळीत अॅडएफएफ असा पर्याय टाकता येतो, तो शेवटी पान ढकलण्याचा हुकूम जोडतो. प्रोग्राम स्वतः १२ पाठवत असेल तर हा टाकू नका, प्रत्येक बिलामागे एक कोरं पान जाईल. अॅडएलएफ, म्हणजे ओळ सोडण्याचा हुकूम जोडणं, फक्त तेव्हाच, जेव्हा सगळा मजकूर एकाच ओळीवर एकावर एक छापला जातो. उलट प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येत असेल तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ऑटो एलएफ चालू आहे, तो बंद करा.

‘एक फाइल कॉपी झाली’ असं येतं आणि कागद हलत नाही? रांग उघडून बघा. बहुतेक वेळा प्रिंटरची यूएसबी केबल साफसफाईत दुसऱ्या खाचेत गेलेली असते. विंडोज त्याला नवा प्रिंटर समजून ‘कॉपी १’ अशी दुसरी नोंद तयार करतं, आणि तुमचं शेअर जुन्या, मेलेल्या नोंदीवर राहतं. प्रॉपर्टीजच्या पोर्ट्स टॅबमध्ये यूएसबी००१ च्या जागी यूएसबी००२ निवडलं की संपलं. मग त्या खाचेवर चिकटपट्टी लावून ठेवा.

नेट यूज या विंडोजच्या आज्ञेने एलपीटी१ शेअरला जोडायची जुनी युक्ती अजून चालते आणि पॅरलल१ च्या ओळीत डेव्ह:एलपीटी१ हा पर्याय देता येतो. तरी मी थेट शेअरवर कॉपी करणंच पसंत करतो. नेट यूजची जोडणी त्या लॉगिनपुरती असते. एम्युलेटर अॅडमिन म्हणून चालवला तर ती त्याला दिसत नाही, आणि एरर ८५ आला तर जुनी जोडणी डिलीट करून नवी करत बसावं लागतं.

प्रिंटर दुसऱ्या मशीनला जोडलेला असेल तर लोकलहोस्टच्या जागी त्या मशीनचं नाव येईल. इथे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आडवी येते. पासवर्डशिवायचं, पाहुण्याच्या नावावरचं शेअरिंग तिच्यात सहसा चालत नाही. प्रिंटरच्या मशीनवर पासवर्डसह एक वेगळा यूजर बनवा आणि तोच वापरा. त्याच आवृत्तीत विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट नावाची सोय आहे. ती चालू केली की जुने ड्रायव्हर काढून टाकले जातात. डॉट मॅट्रिक्स असलेल्या मशीनवर ती बंदच राहू द्या. छपाई जोडताना ०x०००००११बी असा आकडा दिसला तर तो सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा बदलांनंतरचा आहे. दोन्ही मशीनवरचे अपडेट सारखे करा. रजिस्ट्रीत ती तपासणी बंद करण्याचे सल्ले सर्रास मिळतात, ते घेऊ नका.

बारा इंचाचा कागद

या भागावर सगळ्यात जास्त वेळ जातो. प्रिंटर बहुधा अकरा इंच पानावर लावलेला येतो, म्हणजे इंचाला सहा प्रमाणे ६६ ओळी. आपल्याकडे मिळणारी सलग स्टेशनरी १० बाय १२ ची, म्हणजे ७२ ओळींची. अर्ध्या पानाचं बिल १० बाय ६, म्हणजे ३६ ओळी. प्रोग्राम १२ पाठवतो, प्रिंटर ६६ ओळींच्या हिशोबाने कागद ढकलतो आणि दर पानाला छपाई एक इंच वर सरकते. दुसऱ्याच पानाला नाव भोकांच्या रेघेच्या वर, मागच्या पानावर जातं.

दोन उपाय आहेत. प्रिंटरच्या सेटिंग मोडमध्ये पानाची लांबी बारा इंच करा. किंवा प्रत्येक कामाआधी लांबी पाठवा. दुसरा उपाय पक्का, कारण त्याच प्रिंटरवर कुणी एक्सेलमधून काही छापलं की विंडोजचा ड्रायव्हर स्वतःची लांबी पाठवून तुमची मोडतो. पाच बाइट्सची एक छोटी फाइल बनवा: २७, ६४, २७, ६७, ७२. नोटपॅडमध्ये २७ लिहिता येत नाही, म्हणून पॉवरशेलमधलं राइट-ऑल-बाइट्स वापरा. तिला डोकं.बिन म्हणा आणि बॅच फाइलीतली ओळ अशी करा:

कॉपी /बी डोकं.बिन + "%~१" \\लोकलहोस्ट\टीव्हीएस

डोकं.बिनचा पूर्ण मार्ग द्या, कारण बॅच फाइल कुठल्या फोल्डरमधून चालेल याचा भरवसा नाही. अर्ध्या पानाला ७२ च्या जागी ३६. लक्षात असू द्या, लांबीचा हुकूम ज्या ओळीवर पोचतो ती ओळ प्रिंटर पानाची पहिली ओळ धरतो. म्हणून दुकान उघडल्यावर कागद आधी भोकांच्या रेघेवर नेमका लावा. त्यानंतर नॉबने हाताने फिरवू नका.

काही प्रोग्राम १२ पाठवतच नाहीत, मोजून रिकाम्या ओळी सोडतात. तसं असेल तर पानाच्या लांबीने काही बिघडत नाही, पण ओळींमधलं अंतर सहाचं की आठचं ते बरोबर हवं.

पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि ट्रॅक्टरच्या दात्यांवर भोकं फाटतात. छपाई तिरकी जाऊ लागली की सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी कागद बदलून बघा.

लेझर, थर्मल आणि ‘कॉपी करूनही काही निघत नाही’

आपल्या दुकानांत दिसणारे स्वस्त लेझर, उदाहरणार्थ कॅननचा एलबीपी२९०० किंवा एचपीचा १०२०, हे मजकूर समजतच नाहीत. पानाचं चित्र संगणकावर तयार होतं आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. कॅनन त्यासाठी कॅप्ट वापरतं, एचपीचा १०२० झेडजेस्ट्रीम. अशा प्रिंटरला कॉपी /बी ने बिल पाठवलं तर दिवा लुकलुकतो आणि काही निघत नाही. बिघाड नाही, भाषाच वेगळी आहे. पीसीएल ही एचपीची प्रिंटर-भाषा समजणारे मोठे ऑफिस लेझर साधा मजकूर छापतात, पण एप्सनचे हुकूम त्यांनाही कळत नाहीत.

म्हणून लेझरसाठी डॉसबॉक्स-एक्सचा आभासी प्रिंटर वापरा. तो एप्सनसारखे हुकूम समजून पानाचं चित्र स्वतः काढतो आणि विंडोजच्या कुठल्याही प्रिंटरला देतो. पॅरलल१=प्रिंटर करा. प्रिंटर विभागात प्रिंटर=ट्रू, प्रिंटआउटपुट=प्रिंटर, आणि डिव्हाइसमध्ये प्रिंटरचं नाव. तिथे फक्त आडवी रेघ ठेवली तर दर वेळी निवडीची खिडकी येते. रुंदी आणि उंची इंचाच्या दहाव्या भागांत द्यायची: ए४ साठी ८३ आणि ११७. मूळ आकडे ८५ आणि ११० हे अमेरिकन कागदाचे आहेत. बारा इंची पानाचा प्रोग्राम असेल तर उंची १२० ठेवावी लागते, नाहीतर शेवटच्या ओळी दुसऱ्या पानावर पडतात. प्रमाण कागदाशी जुळलं नाही तर अक्षरं थोडी चपटी दिसतील, बिलाला चालतं.

इथली सापळ्याची जागा म्हणजे टाइमआउट. तो शून्य असेल आणि प्रोग्राम शेवटी १२ पाठवत नसेल, तर पान आभासी प्रिंटरच्या आतच राहतं. दुसरं बिल छापल्यावर पहिलं बाहेर येतं आणि लोक म्हणतात छपाई एक बिल मागे चालते. टाइमआउट ३००० करा. मल्टिपेज चालू ठेवाल तर सगळी पानं एका कामात जमतात. खातेवहीला चांगलं, रोजच्या बिलाला नको. फॉन्ट्स फोल्डरमध्ये कूरियरसारखा समान रुंदीचा फॉन्ट ठेवा.

व्हॉट्सअॅपवर रावेर-सावद्याच्या केळी उत्पादकाला हिशोबपट्टी पाठवायची असेल तरी हाच रस्ता. डिव्हाइसमध्ये विंडोजचा पीडीएफ प्रिंटर निवडा.

थर्मल प्रिंटरबद्दल स्पष्ट सांगतो: डॉसच्या ८० रकान्यांच्या बिलासाठी तो घेऊ नका. त्याची भाषा ईएससी/पॉस. नावात साम्य आहे, पण १५ ने अक्षरं दाबली जात नाहीत आणि २७ ७७ चा अर्थ फॉन्ट निवडणं असा होतो. ८० मिलिमीटर कागदावर नेहमीच्या फॉन्टची ४८ अक्षरं बसतात, ५८ वर ३२. शिवाय भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात गाडीच्या काचेमागे राहिलेली थर्मल पावती काळी पडते. हिशोबाचा पुरावा म्हणून ती कामाची नाही.

मराठी बिलं

मजकूर मराठीत असेल तर प्रश्न वेगळा. त्या काळी सीडॅकचं जिस्ट कार्ड किंवा त्याचं सॉफ्टवेअर मधे बसून देवनागरी दाखवत आणि छापत असे. एम्युलेटरमध्ये ते कार्ड नाही, म्हणून नावांच्या जागी रेघा आणि चौकोन येतात. पकडलेल्या फाइलीत मात्र मजकूर शाबूत असतो, इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतांत. विंडोजकडे इस्की देवनागरीसाठी ५७००२ हे कोडपेज (संकेतांचा तक्ता) आहे. पॉवरशेलमध्ये त्या कोडपेजने फाइल वाचून यूनिकोडमध्ये लिहिता येते आणि मग ती समान रुंदीच्या फॉन्टमध्ये लेझरवर छापता येते. एप्सनचे हुकूम आधी गाळून टाका, नाहीतर तेही अक्षरं होऊन बसतात. काही फाइलींत चौकटीच्या रेघा वाचवण्यासाठी संकेतांची जागा बदललेली असते, पीसी-इस्की म्हणतात त्याला. ५७००२ ने अर्धवट वाचल्यासारखं आलं तर हेच कारण, आणि मग संकेतांचा तक्ता स्वतः बनवावा लागतो. रकान्यांची सरळ रेघ तरीही शंभर टक्के साधणार नाही, कारण जोडाक्षरांची रुंदी एका घराची नसते. आकड्यांचे रकाने डावीकडे आणि नाव शेवटी असं केलं तर निभतं.

पूर्ण विंडोज एक्सपी आभासी मशीनमध्ये चालवत असाल तर

तिथे यूएसबी प्रिंटर आतल्या मशीनला देऊन टाकणं सोपं वाटतं. पण आतल्याने घेतला की बाहेरच्या विंडोजला तो दिसत नाही, आणि दोन्हींना छापायचं असतं. नेटवर्कचा प्रिंटर असेल तर एक्सपीमध्ये स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवा, प्रिंटरचा आयपी आणि पोर्ट ९१००. काम झालं. बाहेरच्या विंडोज ११ चं शेअर एक्सपीला सापडत नाही, कारण एक्सपी शेअरिंगसाठी एसएमबी१ ही जुनी भाषा बोलतं आणि नव्या विंडोजमध्ये ते नसतं. ते परत चालू करण्यापेक्षा बाहेरच्या मशीनवर विंडोज फीचर्समधून एलपीडी प्रिंट सर्व्हिस (नेटवर्कवरून छपाई स्वीकारणारी सेवा) लावा, आत एक्सपीमध्ये प्रिंट सर्व्हिसेस फॉर यूनिक्स टाकून एलपीआर पोर्ट बनवा. आभासी मशीन व्हर्च्युअलबॉक्समध्ये असेल तर त्याच्या नॅट जोडणीत बाहेरच्या मशीनचा पत्ता १०.०.२.२ असतो. फायरवॉलमध्ये ५१५ पोर्ट उघडावं लागेल.

क्यूईएमयू या आभासी मशीनच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅरलल पोर्ट फाइलीला किंवा थेट नेटवर्क प्रिंटरच्या ९१०० ला जोडता येतं. थेट जोडलंत तर मशीन सुरू असेपर्यंत ती जोडणी धरून ठेवली जाते आणि इतरांची छपाई अडते. फाइलच बरी.

लिनक्सवर वाइनमध्ये विंडोजचे जुने प्रोग्राम चालवताना प्रिंटर कप्स या लिनक्सच्या छपाई-यंत्रणेतून आपोआप दिसतात. दिसत नसतील तर ३२ बिटी वाइनसाठी कप्सची ३२ बिटी लायब्ररी टाकायची राहिली आहे. प्रोग्राम एलपीटी१ वर कच्च्या बाइट्स पाठवत असेल, तर वाइनच्या रजिस्ट्रीत एचकेएलएम\सॉफ्टवेअर\वाइन\पोर्ट्स इथे एलपीटी१ नावाची नोंद करून तिला /डेव्ह/यूएसबी/एलपी० ही किंमत द्या आणि यूजरला एलपी गटात घाला.

यूएसबी ते पॅरलल केबल घ्यायचा मोह होईल. तिने मशीनमध्ये एलपीटी१ तयार होत नाही, यूएसबी प्रिंटरचंच पोर्ट तयार होतं. डॉसबॉक्स-एक्सच्या रिअलएलपीटी पर्यायाला ३७८ या पत्त्यावरचं खरं पोर्ट लागतं, ते या केबलीत नाही. प्रिंटरला फक्त पॅरलल खाच असेल तर केबल घ्या, पण वापरा वरच्याच शेअर आणि कॉपीच्या पद्धतीने.

छपाई सुरू झाल्यावर दुसऱ्या टेबलावरही तोच प्रोग्राम उघडायचा विचार असेल, तर थांबा. मूळ डॉसबॉक्समध्ये डीबीएफ, म्हणजे डेटाच्या, फाइलींचं कुलूप नीट चालत नाही, दोघांनी एकाच वेळी नोंद केली की इंडेक्स फाटतो. डॉसबॉक्स-एक्समध्ये डॉस विभागात शेअर=ट्रू करा, फाइल अॅक्सेस ट्राइज ३ ठेवा, आणि आडतीच्या खऱ्या डेटावर नव्हे, त्याच्या प्रतीवर दोन्ही टेबलांवरून एकाच वेळी नोंदी करून बघा.